बोलणारी पायरी

उखर्डू नानांच्या आधी त्यांच्या आईची चार लेकरं गेली. पाचवं झालं तेव्हा तिनं ते टोपल्यात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि मागच्या वाटेनं जाऊन परत उचलून आणलं. टाकून दिलेलं मूल मरण नेत नाही, असा तिकडचा समज. नाव उखर्डूच पडलं. नानांचा त्यावर पक्का विश्वास. "माले काय व्हत नही," ते म्हणत. "मी टाकेल माल शे."

नाना रेल्वेत चाबीवाले होते. पाचोऱ्याच्या अलीकडची सहा किलोमीटर लाईन त्यांची. रोज सकाळी हातोडी घेऊन निघायचं आणि रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं. घट्ट चावीचा आवाज वेगळा, सैल चावीचा वेगळा. नाना तो कानानं ओळखत. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून एक सैल चावी सुटली नव्हती.

अभिमन शेजारच्या गल्लीतला. मराठी घेऊन एम. ए. झालेला, नोकरीच्या शोधात. नाना बावन्नचे, हा पंचवीसचा. तरी दोस्ती जमली. संध्याकाळी ओट्यावर बसून तो नानांना पेपर वाचून दाखवी. हल्ली नाना "जरा जोरमा वाच" म्हणत. अभिमनला वाटे, आपलाच आवाज बसका.

एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात नाना म्हणाले, "रईवारले दुधाडले जाऊत."

दुधाडचा जुना किल्ला चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या सोंडेवर. पायथ्याला नानांचं आजोळ. निघताना नानांच्या बायकोनं, मंदाबाईनं, कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या. मग अभिमनला बाजूला घेतलं.

"यासनाकडे ध्यान ठेवजो रे भाऊ. मी हाक मारस, वळीसन देखत नहीत."

"रागात असतील, काकू."

"रागनं वय गयं त्यासनं," मंदाबाई म्हणाली. हसली नाही.

नऊ वाजताच डोंगर तापला होता. पळस फुलले होते, पण त्यांच्यावर एक पाखरू नव्हतं. नाना भराभर चढत होते. त्यांच्या पिशवीत काहीतरी खणखणत होतं.

"हातोडी? रविवारी?"

नाना तसेच चढत राहिले.

दुसऱ्या दरवाजाच्या कमानीखाली अंधार होता. बाहेर एवढं ऊन, आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. एका रुंद पायरीशी नाना थांबले.

"ही पायरी बोलस," ते म्हणाले.

आजोळची रीत त्यांनी सांगितली. पायरीखाली पाण्याचं टाकं आहे. वर जाण्याआधी पायरीवर तीन ठोके द्यायचे. पायरी बोलली तर जायचं. नाही बोलली तर तिथूनच माघारी. त्या दिवशी गड माणूस ठेवून घेतो. नानांचे एक मामा हे न मानता वर गेले होते. त्यांचं पागोटं तेवढं सापडलं.

नाना वाकले. तीन ठोके दिले.

पायरी बोलली. रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तशी. कमानीत तो आवाज फिरत राहिला.

नाना वाकलेलेच होते. त्यांनी पुन्हा तीन ठोके दिले. मग पुन्हा तीन, जोरात.

"पुरे की नाना, गड उठून बसेल."

नानांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. घाम होता.

"बोलनी का?"

ते अभिमनच्या ओठांकडे पाहत होते. अभिमनला पेपर आठवला. मंदाबाई आठवली. सगळं एकदम कळलं. इतकी पुस्तकं वाचून त्याला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

त्यानं मान हलवली. "नाही, नाना. टाकं बुजलं असेल."

"तुलेबी नही ऐकाले उनं?"

"नाही."

नाना मटकन पायरीवरच बसले. बराच वेळ हातोडी मांडीवर घेऊन हसत राहिले. मग भाकरी सोडली.

"बुधवारले रेल्वेनी डॉक्टरी शे, कान तपासतीन," ते म्हणाले. "डॉक्टरले मी फसाडी टाकसू. पायरीले कसा फसाडू? मी ठराई ठेयेल व्हतं. ती बोलनी अन् माले ऐकाले नही उनी, ते आमना मुकादमले, झुलाल मेटले, सोता सांगसू, माले लाईनवरथून काढ."

"आणि मग?"

"मंग ठेसनवर पानी पाजसू लोकेसले. चाबीवाला उखर्डू सरना. पन सैल चावी राही गयी ते गाडीभर मानसं जातीन रे पोऱ्या."

अभिमनचा घास हातातच राहिला.

रीतीप्रमाणे ते वर गेले नाहीत. उतरताना नाना पुढे, अभिमन मागे.

"नाना," अभिमन म्हणाला, "पायरी बोलली होती."

नाना चालत राहिले. त्यानं पुन्हा सांगितलं. पाठ वळली नाही. चार पावलं पुढे जाऊन आडवं उभं राहायचं, एवढंच होतं. पुढच्या वळणावर सांगू, त्यानं ठरवलं. मग पायथ्याला. मग बसमध्ये. बसमध्ये नाना खिडकीशी बसून शीळ घालत होते. त्यानं ठरवलं, उद्या.

सोमवारी सात वाजता तो लाईनीवर पोचला. झुलाल मेटची गँग पलीकडच्या रुळाशी खडी ओढत होती. नाना शंभर पावलांवर, पाठमोरे, वाकून चाव्या ठोकत होते. ठोक्यांमधून एक लांब शिट्टी आली. वळणावरून मालगाडी निघाली होती. गँगनं मान वर केली नाही. नाना बाजूला होतीलच. अठ्ठावीस वर्षं ते असेच बाजूला होत आले होते.

शिट्टी पुन्हा झाली. मग थांबेचना. हातोडीही थांबेना.

अभिमन ओरडत धावला. मग खाली वाकून त्यानं खडीतला दगड उचलला आणि फेकला. तो नानांच्या पाठीत बसला. नाना संतापून वळले, आणि त्यांना इंजिन दिसलं.

ते पलीकडे पडले. मधून गाडी जात राहिली. डबे संपेनात. चाकांमधून अभिमनला एक हात दिसत होता. तो हलत होता.

गाडी गेली. नाना उठून बसले होते. कोपर फुटलं होतं.

"येडा शे का रे? दगड मारस?"

"पायरी बोलली होती, नाना."

"काय म्हनस?"

अभिमन रूळ ओलांडून त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याचा श्वास पुरत नव्हता. त्यानं होता तेवढा जोर लावला.

"पायरी बोलली होती! तुम्हाला ऐकू आली नाही! मी खोटं बोललो!"

खडीचा आवाज बंद पडला. नानांनी अभिमनकडे पाहिलं नाही. त्यांनी गँगकडे पाहिलं. तिथं झुलाल मेट फावडं खाली ठेवून, रूळ ओलांडून त्यांच्याकडे यायला निघाला होता.