दुपारच्या झोपेचं नाटक

गोव्यात आमच्या साखळी गावात दुपारी जेवणवेळ झाली की दुकानांची दारं ओढली जातात, ती चार वाजल्याशिवाय उघडत नाहीत. यावरच नातीच्या आठवीच्या वर्गानं नाटक रचलं. लिहायचं नाही, उभं राहून बोलत बोलत बसवायचं, असं बाईंनी सांगितलेलं. नात दुकानदारीण झाली. गिऱ्हाईक येतं आणि ती डोळे न उघडता सौदा करते. पण तालमीत कुणी हसेना. बाई म्हणाल्या, "शनिवारी पालकांसमोर करू. तिथंही कुणी हसलं नाही, तर हा प्रवेश पेडण्याच्या स्पर्धेला न्यायचा नाही."

पोरीचं जेवणावरून लक्ष उडालं. घरी माझ्यासमोर तालीम झाली. मी वाक्यावाक्याला हसले.

"आज्जी, तुझं हसणं धरायचं नाही. मी शिंकले तरी तू हसतेस."

नाटकातलं मला कितीसं कळणार! तिच्या वयाची असताना शाळेच्या नाटकात मी दासी होते. "महाराज, रथ तयार आहे," एवढंच म्हणायचं. डोक्यावर मावतील तेवढ्या अबोलीच्या वेण्या माळून गेले आणि म्हटलं. आवडलं की आमचे लोक वन्समोअर देतात. कुणी देईना. मला वाटलं, लाजतायत. मग मीच पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तोवर महाराज रथाकडे पळाले होते.

शनिवारचा खेळ ठेवला दुपारी अडीचला. झोपेचं नाटक ऐन झोपेच्या वेळी! मी पोटभर जेवून पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसले. पडदा उघडलेला आठवतो. मग एकदम कानाशी आवाज आला.

"गो आज्जी, काय होया तुका?"

"पाव किलो साखर, नि बेकरीतले चार गोल उंडे," मी डोळे न उघडता म्हटलं.

"उंडे सोपले. पाव घे."

"कालचे असतील."

"तुझ्यापरीस ताजे!"

सगळे खदखदून हसले, तेव्हा कुठं मी डोळे उघडले. नात रंगमंचाच्या कडेला ओणवी. कुणी हसेना म्हणून तिनं हळूच एक डोळा उघडला होता, आणि समोर मी, तोंड उघडं टाकून घोरत होते. शेजारचे आजोबा दचकून जागे झाले नि विचारू लागले, "संपलं?"

बाई डोळे पुसत आल्या. "प्रवेश स्पर्धेला जाणार! पण पेडण्याला हे कसं जमवायचं?"

"आज्जीला पुढं बसवूया," नात म्हणाली. "बाकीचं ती आपसूक करते."

"येईन," मी म्हटलं. "पण आमचा नंबर दुपारीच लावा. सकाळी मी जागी असते."