मोठ्यानं वाचणारा

घाटनांदूरहून हैदराबादेला शिकायला निघालो, तेव्हा वडिलांनी बजावलं, "पयल्या वर्षी नापास झालास तर गाठोडं बांधून ये. दुकानात कापड फाडायला माणूस लागतोच हाय." मी फाडलेलं कापड कधी सरळ फाटलेलं गावानं पाहिलं नव्हतं, त्यामुळं दोघांचंही नुकसान होतं.

हैदराबाद म्हणजे मला परमुलूखच. कपाळाला विभूती, अंगात मापापेक्षा मोठी शेरवानी. शिकवणं सगळं उर्दूतून. गावच्या शाळेत मी उर्दूत पहिला होतो. पण उर्दू शिकणारे आम्ही तिघंच होतो, हे तिथं गेल्यावर आठवलं.

आमच्या शाळेत धडा मोठ्यानं, डोलत म्हणायची रीत. गप्प बसला तो झोपला, असं धरून गुरुजी छडी घेऊन येत. तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी कॉलेजच्या कुतुबखान्यात गेलो, खुर्चीवर मांडी घातली आणि खड्या आवाजात इतिहास सुरू केला. भोवती एवढी पुस्तकं, एवढी मुलं, आणि सगळी गप्प. मला वाटलं, बिचारी अजून अभ्यासाला लागायचीत.

पुस्तकं सांभाळणारे बुजुर्ग धावत आले. "अजी हजरत, ये कुतुबखाना है, भाजी का बाजार नहीं! मुँह बंद करके पढो."

मला ती कलाच येत नव्हती. तोंड मिटलं की डोळेही मिटत. आठवड्यात तीनदा त्यांनी मला बाहेर काढलं, चौथ्यांदा दारातूनच हात जोडले. वर्गात रोज चौकशी व्हायची, "क्या मियाँ, आज कहाँ से निकाले गए?"

शेवटी वसतिगृहामागच्या कडुलिंबाखाली बसून ओरडू लागलो. खोलीतला तेलंगणी सोबती येऊन बसला. "तुम पढो यारो, हम सुनते. अकेले में मेरे कू नींद आती." मग गुलबर्ग्याचा एक कानडी आला. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी घोकायचं, चुकला की सगळ्यांनी हुर्यो. शहरातला एक नवाबी मुलगा निव्वळ हसायला आला होता. पण आमचे उच्चार त्याला ऐकवेनात. "तौबा! ऐसा नहीं, ऐसा बोलो!" म्हणत तो जो मातीत बसला, तो परीक्षेपर्यंत उठला नाही.

परीक्षेत मात्र तोंड मिटणं भाग होतं. तरी माझे ओठ हलतच होते. देखरेखीवरच्या साहेबांना संशय आला. त्यांनी शेरवानी झाडली, तर विभूतीची पुडी पडली.

"ये क्या है?"

"राख है, साब."

"किसकी?"

नापास झालो तर माझीच, असं ओठावर आलं होतं. तेवढं मात्र मी गिळलं.

निकाल लागला. लिंबाखालचे सगळे पास, आणि इतिहासात मी अख्ख्या वर्गात पहिला! नवाबी दोस्तानं मला खांद्यावर घेऊन आवारभर मिरवलं. घरी कळवलं, तर वडिलांचं दोन ओळींचं उत्तर आलं, "दुकानात माणूस ठेवला हाय. आता बी.ए. झाल्याबिगर हिकडं फिरकू नको."

ते पत्र मी लिंबाखाली खड्या आवाजात वाचलं. मराठी एकालाही कळलं नाही, पण टाळ्या अशा पडल्या, की मी ते दुसऱ्यांदा वाचलं.