डीप फ्रीजरमधलं गलबत

माझ्या सासऱ्यांच्या गलबताला कीड लागली आणि ती कीड घरात मी आणली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःची बरीच बाजू घेणार आहे.

सासरे, म्हणजे बाबा, रत्नागिरीकडे बंदरखात्यात कारकून होते. नोकरीभर होड्यांच्या नोंदी केल्या आणि निवृत्त झाल्यावर त्याच होड्या लाकडात करायला घेतल्या. मचवा, पडाव, गलबत, सगळं हात-दीड हात लांबीचं, सुकाणूपासून शिडाच्या दोरीपर्यंत जिथल्या तिथे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना दिल्लीला आणलं, आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. सोबत कपड्यांची एक बॅग आणि होड्यांची चार खोकी. इथे सागाचे तुकडे कुणाकडे मागायचे हे त्यांना कळेना, म्हणून फळवाल्याकडून काश्मिरी सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या आणल्या आणि त्या मऊ, पांढुरक्या लाकडाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत करायला बसले. दोन वर्षं लागली. पूर्ण झालं आणि त्याच हिवाळ्यात त्यांचे हात थरथरायला लागले. गोळ्यांनी थरथर कमी झाली, थांबली नाही. एके दिवशी त्यांनी सगळ्या हत्यारांना तेल लावून ती फडक्यात गुंडाळली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला सांगितली. म्हणजे हे गलबत शेवटचं. तसं कुणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना ते कळलं होतं.

म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीला मी एक शेल्फ आणलं, खास होड्यांसाठी. आंब्याच्या लाकडाचं, दिसायला झोकदार. नवरा म्हणाला, "यार, लाकूड जरा कच्चं वाटतंय." मी म्हटलं, तुला मंत्रालयाच्या फायलींतलं कळतं तेवढं पुरे. मधल्या फळीवर गलबत विराजमान झालं. बाबांनी दोनदा लांबून बघितलं आणि म्हणाले, "बंदर चांगलं आहे हो."

चार-पाच महिन्यांनी गलबताखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसायला लागली. मी रोज पुसत होते. आधी वाटलं उदबत्तीची राख असेल, मग कामवाल्या बाईंवर संशय घेतला, मग दिल्लीच्या धुळीला शिव्या घातल्या. दिल्लीत धुळीला शिव्या घातल्या की कुणी पुरावा मागत नाही. शेवटी बाबांनीच चष्मा पुसून गलबत उचललं आणि मला दाखवलं. बुडाशी टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. शेल्फच्या फळीवरही तशीच, पण कितीतरी जास्त.

"शेल्फमधून आलेत पाहुणे," बाबा म्हणाले. "सागाच्या होड्यांना तोंड लावलेलं नाही. याचं लाकूड गोड लागलं असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेल्फ त्याच दिवशी घराबाहेर काढलं. पण गलबताचं काय करायचं? आता मला स्वयंपाकघरातलं जेवढं कळतं तेवढं जगातलं सगळं कळतं, असा माझा स्वभाव आहे. तांदळाला टोके लागले की आम्ही काय करतो? कडक ऊन देतो आणि डब्यात कडुलिंबाचा पाला घालतो. आईने तेच केलं, आजीने तेच केलं, गलबत काय तांदळापेक्षा वेगळं आहे? मी जूनच्या उन्हात सकाळीच गलबत बाल्कनीत ताटावर ठेवलं, आजूबाजूला पाला पसरला आणि ऑफिसला गेले.

संध्याकाळी आले तर पुढच्या टोकाला, नाळेपाशी, दोन फळ्यांचा सांधा उघडला होता. नख आत जाईल इतका.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "गलबताचे पापड करायचेत का?"

एवढीच थट्टा केली. त्या उघड्या सांध्यावरून बोट फिरवत राहिले. जेवताना आमटीसुद्धा दुसऱ्यांदा घेतली नाही. त्यापेक्षा ते मला फाडफाड बोलले असते तर मी सुखाने झोपले असते.

मग पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला. त्याच्या फवाऱ्याने रंग उतरेल म्हणाला, वास महिनाभर राहील म्हणाला. बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "कीड मरेल की नाही ठाऊक नाही, मी नक्की मरेन."

उपाय सापडला तो पुन्हा स्वयंपाकघरातच. रविवारी पिठलं करायला मी फ्रीजरमधून कुळथाच्या पिठाची पिशवी काढली. रत्नागिरीहून आलेलं पीठ, दीड वर्षाचं, आणि त्यात एक किडा नाही. मी पिशवी हातात धरून तशीच बाबांकडे गेले. इंटरनेटवर बघितलं तर खरोखरच तसं लिहिलेलं, लाकूड प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून दोन-तीन आठवडे कडक गोठवलं की आतल्या अळ्या मरतात.

"पण तुझ्या फ्रीजरमध्ये याची नाळसुद्धा मावायची नाही," बाबा म्हणाले. मग स्वतःच सुचवलं, "आपल्या मासळीवाल्याकडे मावेल."

आयएनए मार्केटमधला आमचा मासळीवाला बिहारकडचा. बाबा दर रविवारी त्याच्याकडे जात, प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघत आणि त्याच्या मालाला नावं ठेवत. त्यामुळे दोघांची गाढ मैत्री होती. गलबत बघून तो आधी हसला, मग दोन्ही हातांनी त्याने ते असं धरलं की मला त्याच्यावर विश्वास बसला.

"रख दीजिए बाबूजी. सावन लग रहा है, लोग मछली छोड़ देंगे, आधा फ्रीजर खाली रहेगा. सावन खतम होते ही ले जाइएगा, फिर माल भर जाता है."

"बिल्कुल!" मी म्हटलं.

बाबांनी गलबताखाली काळा कागद घातला, म्हणजे नवी भुकटी पडली तर दिसेल. वर पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन थर, चिकटपट्टीने बंद. आणि मासळीवाल्याला बजावलं, काही झालं तरी उघडायचं नाही, गार लाकूड उघडलं की हवेतलं पाणी धरतं. बाबांनी गोंदाने सांधलेल्या नाळेसकट गलबत सुरमईच्या शेजारी जाऊन निजलं.

पहिले दोन रविवार मजेत गेले. दिल्लीकरांचा सावन सुरू झाला होता, आमचा आषाढच चालू होता, त्यामुळे बाबा मासळी घेत आणि फ्रीजरचं झाकण उघडून गलबताची विचारपूस करून येत. मग गटारी अमावास्या झाली, आमचा श्रावण लागला आणि बाबांचं तिकडे जाणं बंद. श्रावणात मासळीच्या दुकानासमोर उभं राहणंसुद्धा त्यांना चालत नाही. मी भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत श्रावणातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवसावर खूण केली आणि निर्धास्त झाले.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मोठी पिशवी घेऊन गेले. फ्रीजर काठोकाठ मासळीने भरलेला. गलबत नाही.

"दीदी, राखी के दिन से राह देख रहा हूँ," मासळीवाला म्हणाला. "सावन तो कब का खतम हो गया!"

मी कपाळावर हात मारला. इकडे महिना पौर्णिमेला संपतो, आमच्याकडे अमावास्येला. वीस वर्षं दिल्लीत काढली, वीस वर्षं हे माहीत आहे, दर वर्षी शेजारणींना मीच ऐटीत समजावून सांगते. आणि वेळेला मी स्वतः भिंतीवरची दिनदर्शिका बघून मोकळी! पंधरा दिवस गलबत फ्रीजरबाहेर होतं. ते ओलं झालं असेल, कुजलं असेल, कुणी उचलून नेलं असेल, काय काय मनात आलं. घरी बाबा चहाला थांबले होते. त्यांना काय तोंड दाखवणार होते मी?

मासळीवाल्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि देवाच्या फोटोशेजारच्या फळीवरून ते खाली काढलं. तीनही थर जसेच्या तसे होते. "बाबूजी ने मना किया था ना, तो नहीं खोला."

मी तिथेच, कोलंबीच्या टोपलीशेजारी, गलबत वर धरून बुडाखालचा कागद बघितला. काळाशार. कणसुद्धा नाही.

घरी बाबांनी भिंग लावून बघितलं, मग माझी चूक ऐकली आणि खोखो हसले. "अगं, फ्रीजरमध्ये सगळेच गप्प बसतात. ऑगस्टच्या उकाड्यात पंधरा दिवस बाहेर राहून भुकटी पडली नाही, म्हणजे खरंच मेले. तू वेळेवर गेली असतीस तर हे कसं कळलं असतं?" माझ्या चुकीचं एवढं कौतुक माझ्या माहेरीही कुणी केलं नाही.

पण प्लॅस्टिक काढताना पुढची डोलकाठी त्यांच्या बोटांत चुरली. आतून सगळी पोकळ झाली होती. दुसरे दिवशी त्यांनी कपाटातली हत्यारं काढायला लावली. कॉलनीत काम करणाऱ्या सुताराकडून मी सागाच्या पट्ट्या आणल्या. बाबांनी पटाशी लाकडाला लावली, ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

त्यांच्या हत्यारांना आजवर घरात कुणी हात लावलेला नव्हता. मी पहिली डोलकाठी वाकडी केली, दुसरी मधोमध मोडली. "लाकडाच्या रेषेने जा," ते कानाशी सारखं सांगत होते, "गवार मोडत नाहीयेस तू." तिसरी बिघडली तेव्हा मी पटाशी टाकून ओरडले, "मग तुम्हीच करा ना!"

तोंडातून निघाल्यावर जीभ चावली. बाबा रागावले नाहीत. मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाले, "करता आलं असतं तर तुला कशाला बसवलं असतं गं?"

मी पटाशी उचलली. चौथी डोलकाठी जमली. तिच्यावर त्यांनी बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं, आणि म्हणाले, "चालेल." बाबांच्या तोंडी याहून मोठा शब्द नाही.

गणपती झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही दोघं मासळी आणायला गेलो. बाबांनी माझ्या फोनवर नव्या डोलकाठीचा फोटो काढायला लावून तो मासळीवाल्यापुढे नाचवला. तो खूश झाला. पापलेट साफ करता करता त्याने विचारलं, "पूरा जहाज आपने अपने हाथ से बनाया है, बाबूजी?"

दिल्लीत राहूनही बाबांचं हिंदी कच्चंच आहे. ते वाक्य जुळवायला थोडे थांबले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मैंने और इसने, दोनों ने बनाया."

मी पापलेटांकडे बघत उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि सगळ्या मासळीबाजारासमोर मला रडायचं नव्हतं.