बाबांच्या पायाची सोनोग्राफी

बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा निळसर पडला होता आणि त्यावरची जखम महिनाभर भरत नव्हती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाऊल चाचपून पाहिलं. म्हणाले, "बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्यात का, ते सोनोग्राफीत बघू. रक्त पोचत नसेल तर अंगठा काढावा लागेल."

बाबांनी अंगठ्याचं जणू ऐकलंच नाही. ते अडले सोनोग्राफीवर. "माझी? सोनोग्राफी?"

बाबांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, म्हणून घरातला पहिला पदवीधर मी. दवाखान्यातलं लिहिलेलं वाचायचं आणि बाबांना समजवायचं, ही कामं माझीच. दुसरं मला अजून जमलेलं नाही.

सेंटरवर गेलो तर बाकावर सगळ्या पोटुशा बाया. भिंतीवर भलीमोठी पाटी. बाबा म्हणाले, "वाच." मी मोठ्यानं वाचलं, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही."

"मंग आपण काहून आलो?"

बाया पदराआड हसायला लागल्या. एकीनं विचारलंच, "काका, कितवा महिना?"

"दिवस भरलेत, बाई. अंगठ्याचे."

तेव्हा मला कळलं, डॉक्टरांचं त्यांनी नीट ऐकलं होतं.

आत मॅडमनी पायाला गार जेल लावलं आणि यंत्राचा दांडा फिरवायला सुरुवात केली. मांडीशी जोरात सूं-सूं आवाज आला. घोट्याखाली तो एकदम थांबला.

"नळी चोंदली," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"हळदीला ठिबक हाय ना! थोडं आसिड सोडा. मी दरसाल सोडतो, सगळी छिद्रं मोकळी होतात."

मॅडमना हसू आवरेना. "माणसात नाही सोडत, काका."

मग त्यांनी दांडा अंगठ्याच्या कडेला टेकवला. काहीच नाही. थोडा सरकवला. बाबांनी माझं मनगट धरलं. आणि अगदी बारीक, डास गुणगुणावा तसा आवाज आला.

"येतंय. बाजूच्या बारीक वाहिनीतून," मॅडम म्हणाल्या.

रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा सध्या ठेवू, गोळ्या देतो, पण तंबाखू आजपासून बंद.

"आज तर अर्धा दिवस गेला," बाबा म्हणाले. "उद्यापासून धरा."

बाहेर आल्यावर मी हात पुढे केला. बाबांनी तंबाखूची पुडी काढली, एकदा नाकाशी नेली आणि माझ्या हातावर ठेवली. चुन्याची डबी मात्र परत खिशात टाकली.

"चुन्याबद्दल डॉक्टर काही बोलले का?"

नव्हते बोलले.