नसीमआपांचं ऑर्किड मी टाकलं नाही

मंडळी, आज लातुरात आपल्या ऑर्किड क्लबची बैठक झाली. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेल्या पोरींची मेस चालवणाऱ्या नसीमआपांनी एक झाड आणलं होतं. मुळं बुरशीनं काळी पडलेली.

"मेलंय हे. जाळून टाका, नाहीतर बाकीच्यांना लागण होईल," मी म्हणालो.

आपांनी कुंडी जवळ ओढली. "भूकंपात ढिगाऱ्याखालून माझ्या बहिणीचा आवाज येत होता. लोक म्हणले, कोणी न्हाई आता. मला ओढून नेलं."

मी कात्री तापवून सडकी मुळं कापली. एकच हिरवं निघालं.

झाड आता माझ्याकडे वेगळं ठेवलंय. निघताना आपा म्हणाल्या, "मेलं तर सांगा. पण बघून सांगा, अंदाजानं नको."

एका मुळावर ऑर्किड जगवलंय का कोणी?