रामजीचा व्हेनेझुएला

रामजी कासारे उंच होता, आणि एवढ्या एका गुणावर त्याला गोली केलं गेलं. एरवी फुटबॉलशी त्याचं काही नातं नव्हतं. मंडणगडाकडच्या त्याच्या गावात पोरं कबड्डी खेळायची, नाहीतर दुसऱ्याच्या झाडाचे आंबे पाडायची. बहारीनला मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपात तो जहाजांचे पंप दुरुस्त करायचा. बोलणं कमी, काम चोख, आणि वागणं इतकं सरळ की हा माणूस खोटं बोलतो असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी वर्कशॉपात कुणाला पटलं नसतं. पण माणूस खोटं बोलतो ते लबाडीपायीच, असं थोडंच आहे?

हिवाळ्यात शुक्रवारी बुसैतीनच्या वाळूच्या मैदानावर आपल्या कामगारांच्या मॅची व्हायच्या. संघांना देशांची नावं द्यायची आणि ती चिठ्ठ्या टाकून, असा रिवाज होता. वर्कशॉपच्या संघाचा कप्तान रुपेश, चिपळूणचा वेल्डर, रामजीच्याच खोलीत राहणारा. गडी चिठ्ठी उचलायला उशिरा पोचला. तोवर ब्राझील गेलं होतं, अर्जेंटिना गेलं होतं, जर्मनीसुद्धा गेलं होतं. ताटलीत उरलेली एकच चिठ्ठी त्यानं उघडली, दोनदा वाचली आणि म्हणाला, "ह्यो कुठला आजार हाय?"

आजार नव्हता, व्हेनेझुएला होता. बुसैतीनमध्ये रत्नागिरीच्या उस्मानभाईचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यानं कुठूनसा फोटो मिळवला आणि सांगितलं, "त्यांचा सदरा तांबड्या वाइनच्या रंगाचा असतो म्हणे." मग स्वतःच जीभ चावली आणि म्हणाला, "म्हणजे आपलं आमसुली रे!" कोकणातल्या माणसाला रंग एकदा आमसुलावरून कळला की पुन्हा सांगावा लागत नाही. सगळ्या संघाला आमसुली जर्सी झाल्या. आता कतारचा झेंडाही साधारण त्याच रंगाचा, आणि बहारीनचं नि कतारचं तेव्हा वाकडं. त्यामुळे मैदानाकडेची अरब पोरं यांना बघून "कतर! कतर!" ओरडायची. हरायचं व्हेनेझुएलाच्या नावानं आणि हुर्यो खायची कतारच्या, असं त्या संघाचं दुहेरी नशीब. आणि हरायचे ते दर शुक्रवारी, अगदी न चुकता.

पण रामजीचं खरं दुखणं मैदानात नव्हतं, घरी होतं.

लेक संघप्रिया दोन वर्षांची असताना तो बहारीनला आला. एक्क्याण्णवला पहिल्यांदा रजेवर गेला तेव्हा ती पाच वर्षांची झाली होती. दारात उभ्या राहिलेल्या या उंच माणसाला बघून ती आईच्या पदरामागं गेली. दोन दिवसांनी धीर करून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही पाणी घेताव?" आमच्या कोकणातल्या घरात पोर बापाला तुम्ही म्हणत नाही. बापाला तू म्हणतात, तुम्ही म्हणतात ते पावण्याला. रामजीनं तांब्या हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. रजा संपायच्या सुमाराला तिनं आईला हळूच विचारलं, "आये, हे पावणे कवा जानार?" आवाज हळू होता, पण घर कुडाचं. पलीकडं रामजीनं ऐकलं.

तेव्हा फोन महाग आणि गावात दुर्मीळ. गल्फमधली माणसं कॅसेट भरून गावी जाणाऱ्याच्या हाती पाठवायची, घरची माणसं उलटी कॅसेट भरायची. रामजी शुक्रवारी दुपारी खाटेवर मांडी घालून बसायचा, टेपरेकॉर्डर पुढ्यात घ्यायचा आणि "जय भीम" करून सुरुवात करायचा. अभ्यास कर, आयेला त्रास देऊ नको, ताप आला तर डॉक्टरकडे जा. बायको सुनीता खरं बोलणारी बाई. तिनं कळवलं, "तुमचा आवाज लावला की ती अंगणात पळते. काय करू?"

काय करायचं ते रामजीलाही सुचेना. मग एकदा बोलायला काही उरलं नाही म्हणून त्यानं मॅचचं सांगितलं. आमसुली सदरा, चिठ्ठीतलं नाव, आपण गोली कसे झालो, कतारची हुर्यो, सगळं. उलट्या कॅसेटमध्ये सुनीताचं बोलणं संपल्यावर खरखर झाली, आणि मग एक बारीक आवाज आला. "बाबा, मंग तू जिंकलास का?"

तू.

त्यानं ती कॅसेट किती वेळा मागं फिरवून ऐकली याला गणती नाही. त्या शुक्रवारी ते सडकून हरले होते. पण जिच्या तोंडून पहिल्यांदा तू निघालं, तिला हरलो म्हणून सांगायला छाती लागते, आणि ती रामजीजवळ नव्हती. कुणाजवळ असते? तो म्हणाला, "जिंकलो तर! सपाटून जिंकलो."

तिथून गाडी सुटली. उन्हाळा आला, वाळू तापली, मॅची बंद पडल्या. पण तिकडून मागणी चालूच, "व्हेनेझुएलाचं सांग." रामजी फोरमनच्या टेबलावरचा इंग्रजी पेपर चाळायला लागला. त्र्याण्णवच्या जुलै-ऑगस्टात तिकडं दक्षिण अमेरिकेत विश्वचषकासाठी पात्रतेच्या मॅची चालू होत्या, आणि खेळाच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत निकाल येत होते. व्हेनेझुएला एक, बोलिव्हिया सात. व्हेनेझुएला एक, ब्राझील पाच. रामजीला वाटलं, अरे, हे तर आमच्याहून गाळात! ती कोण कुठली अकरा माणसं त्याला आपलीच वाटायला लागली. आणि कॅसेटवर त्यानं एवढंच केलं, की आकडे तेच ठेवले, बाजू तेवढ्या बदलल्या. सात आपण, एक ते. पाच आपण, एक ब्राझील.

खेळाडूंची नावं मात्र खरी असायची. एकाचं नाव चक्क स्टॅलिन, स्टॅलिन रिवास. तो बेल्जियमच्या क्लबात खेळायला गेला होता. व्हेनेझुएलाच्या पोरानं युरोपात जाऊन खेळणं म्हणजे तेव्हा नवलच. पेपरात एवढंच. बेल्जियमची माणसं त्याला खांद्यावर घेऊन बाजारातून फिरवतात, हे रामजीनं पदरचं घातलं. आपल्या मुलखातून लांब गेलेल्या माणसाला कुणीतरी खांद्यावर घेतलं पाहिजे, असं त्याला मनापासून वाटायचं.

रुपेश पलीकडच्या खाटेवरून ऐकायचा. एकदा न राहवून म्हणाला, "रामजीभाऊ, पोरगी काय कायम लहान राहनार हाय? एक दिवस ती वर्ल्ड कप बघंल."

"बघंल तवा बघंल," रामजी म्हणाला.

"खोट्याच्या कपाळी गोटा, भाऊ."

"लागू दे. माजंच कपाळ हाय ना?"

इथं तो चुकला. पण ते पुढं.

पंचाण्णवला तो रजेवर गेला तेव्हा नऊ वर्षांची संघप्रिया एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभी होती. उस्मानभाईनं शिवून दिलेली छोटी आमसुली जर्सी तिनं तिथंच फ्रॉकवर चढवली. घरामागच्या दोन फणसांच्या मधोमध बापाला उभं केलं आणि लाथेनं चेंडू मारायला लागली. "बाबा, तू वाईच डावीकडं हो! बाबा, तू मुद्दाम सोडतंस, मना कळतं!" सुनीता पाट्यावर वाटण वाटता वाटता हसायची. त्या महिन्याभरात त्या पोरीनं दिवसातून शंभरदा त्याला तू म्हटलं असेल. रामजी कासारे त्या दिवसांत सुखी होता. त्यानंतर तेवढा कधीच झाला नाही.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात पेपरात एक बातमी आली. अर्जेंटिनाविरुद्धच्या मॅचमध्ये व्हेनेझुएलाच्या गोलीनं, राफाएल दुदामेलनं, फ्री किकवर गोल केला. स्वतःचं गोल सोडून पुढं जाऊन, अर्जेंटिनावर! रामजी हातातला पाना खाली ठेवून उभाच राहिला. मॅच ते हरलेच, पाच-दोन. पण गोलीनं गोल केला होता, आणि तो खराखुरा होता. त्या शुक्रवारी त्यानं तो गोल कॅसेटवर दोनदा सांगितला. पदरचं काही घालायची गरजच पडली नाही. शेवटी मात्र सवय आडवी आली. पाच आपण म्हणाला, दोन ते. सोन्यासारखी खरी गोष्ट त्यानं स्वतःच्या हातानं खोट्यात गुंडाळली. तिथं जरी थांबला असता! पण जिभेला वळण लागलं की माणसाचं काही चालत नाही.

सत्त्याण्णवची रजा कामानं खाल्ली. चौऱ्याण्णवचा वर्ल्ड कप पोर लहान म्हणून निभला होता, अठ्ठ्याण्णवला पुन्हा आला. त्यात व्हेनेझुएला नव्हता. रामजीनं कॅसेटवर काहीतरी थातूरमातूर सांगितलं, की यंदा त्यांनी दुसऱ्यांना संधी दिली. पोरीनं तेही खरं धरलं असेल, कारण जुलैत मंडणगडच्या वक्तृत्व स्पर्धेत 'माझा आदर्श' या विषयावर ती उभी राहिली ती दुदामेलवर बोलायला. बाकीची मुलं थोरामोठ्यांवर बोलली. हिनं जर्सीचा रंग सांगितला, स्टॅलिनला खांद्यावर घेतलेलं सांगितलं, बोलिव्हियाला सात, ब्राझीलला पाच, अर्जेंटिनाला पाच गोल मारलेले सांगितले. परीक्षकांत एक गुरुजी फुटबॉलचे वेडे होते. ते आधी हसले, मग चष्मा पुसून म्हणाले, "बाळ, हे सगळं उलटं आहे. हा संघ या खेपेला पात्रतेची एकही मॅच जिंकलेला नाही. तुला सांगितलं कुणी?"

"माझ्या बाबानं," ती म्हणाली.

"बाबानं नाही, बाबांनी म्हणावं," गुरुजी म्हणाले. सगळा हॉल हसला. गुरुजींचा हेतू वाईट नव्हता, चांगल्या माणसाच्याच हातून अशी कामं होतात.

हे सगळं रामजीला सुनीताच्या कॅसेटमधून कळलं. तिनं दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "घरी आली नि चुलीपाशी बसून राहिली. मना विचारलंन, बाबा दरसाल येतो म्हणतो, तां पन असंच काय?" मग खरखर झाली. रामजी पुढं वाकला. कॅसेटमधून पुस्तकातल्यासारखी स्वच्छ मराठी आली. "बाबा, जय भीम. तुम्ही कसे आहात? मी बरी आहे. माझा अभ्यास चांगला चालू आहे. तुम्ही तब्येतीची काळजी घ्या."

कॅसेट संपून बटण टक्कन वर आलं, तरी तो तसाच वाकलेला होता. रुपेशनं चहा पुढं केला आणि म्हणाला, "शाळंत शिकवतात तसं भाऊ. आता मोठी झाली. आदरानं बोलली."

"व्हय," रामजी म्हणाला. "आदरानं."

त्यानं उलट्या कॅसेटमध्ये कबूल केलं सगळं. बाजू बदलल्या ते, खांद्यावर घेतलेलं ते, दुसऱ्यांना संधी दिली तेही. रडला, ते टेपवरून पुसायलाही गेला नाही. शेवटी म्हणाला, "पन संघा, गोलीचा गोल खरा हाय गं. तेवढा खरा हाय." उत्तरात स्वच्छ मराठी आली. "बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

नव्व्याण्णवला तो हट्टानं रजा घेऊन निघाला. जायच्या थोडं आधी पेपरात आलं होतं, की दुदामेल आता कोलंबियाच्या क्लबाकडून खेळतो, आणि तो क्लब दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कपाच्या फायनलला पोचला आणि हरला. ही बातमी रामजीनं पोरीसाठी जपून नेली. वाटेत सारखा तोच विचार करत होता. ही तिला पटेल, कारण हरल्याचं खोटं कुणी सांगतं का?

एस.टी.च्या थांब्यावर सुनीता एकटीच आली होती. घरी संघप्रियानं ओटीवर खुर्ची मांडून ठेवली होती. तेरा वर्षांची, बापासारखी उंच. "जय भीम बाबा. बसा," ती म्हणाली. उस्मानभाईनं शिवलेली मोठी आमसुली जर्सी तिनं दोन्ही हातांनी घेतली, छान आहे म्हणाली आणि घडी न मोडता फळीवर ठेवली. फणसाच्या झाडांकडं कुणी गेलं नाही.

रामजीनं तिला समोर बसवलं आणि सांगितलं. शब्द मोजून सांगितलं, पदरचं काही येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून सांगितलं. "फायनल बरोबरीत सुटली, मंग पेनल्टी. आपल्या गोलीनं सोता एक मारलीन, ती आत गेली. तरी हरला. हरलाच गं संघा, शेवटी हरला."

तिनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "वाईट झालं. तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असेल."

रामजीनं ओटीच्या कडेला हात टेकला. जे कधी मागायचं नसतं, ते त्यानं मागितलं. "संघा, मना तू म्हन ना गं."

पोरगी कठोर नव्हती. तिचे डोळे भरून आले. ती पुढं झाली आणि बापाच्या पायाशी पडलेली बॅग उचलून घेतली, आतल्या खोलीत न्यायला, पावण्याची नेतात तशी.

"म्हणते ना बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आधी चहा तरी घ्या."