झाकलेलं ताट

बोईसरच्या आमच्या डॉक्टरबाई मुलांना वजनकाट्यावर आधी कधीच उभं करत नसत. चपला काढून आधी स्वतःच चढायच्या, काटा कुठवर गेला ते बघून डोळे मोठे करायच्या आणि म्हणायच्या, "अगं बाई, वडे नडले!" मग रडणारं पोरही खुदकन हसून काट्यावर चढायचं.

माझी जाई मात्र हसली नव्हती. तीन वर्षांची पोर, फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. पुढ्यातल्या ताटाला कुणी हात लावला की चावायची, ओरबाडायची, जमिनीवर डोकं आपटायची. बाबा घरी असला की चार घास खायची, ते आम्ही लाड म्हणून सोडून द्यायचो. आमच्या दांडी गावात जो तो दृष्ट काढायला सांगे. मला एकच धास्ती होती, ही पोर माझ्या हातून निसटून चालली आहे. बाईंनी तपासलं, रक्त तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं, वजन तेवढं उतरतच होतं.

बाईंना घाई म्हणून ठाऊक नव्हती. दुसऱ्या खेपेला मला म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हं, आम्हाला भातुकली खेळायची आहे." आणि पदर खोचून फरशीवर बसल्या. बाहेर कुणी नव्हतं, पंखा संथ फिरत होता, पडदा खाऱ्या वाऱ्यानं फुगत होता. त्या दुपारी मी अजूनही कुठेतरी तशीच बसलेली आहे असं वाटतं. बाईंनी दोन वाट्यांत चुरमुरे वाढले. जाईनं आपल्या वाटीवर तिसरी वाटी पालथी घातली आणि दोन्ही हात वर ठेवून बसली.

"हे कुणाचं गं?"

"बाबाचं हाय."

बोट समुद्रात असली की आमच्या घरात मासेमारीला गेलेल्या माणसाचं ताट वाढून झाकून ठेवतात. सासूबाई रोज ठेवायच्या. ते बघून जाई आपलंही बाबासाठी झाकायची, आणि आम्ही ते उघडून तिला भरवायला जायचो. चावेल नाही तर काय करेल! सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं, हातांकडे कुणी बघितलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "बाबाची वाट बघायची ना? मग आधी जेवायचं. उपाशी पोटी वाट बघता येत नाही, झोप लागते." जाईनं बराच वेळ विचार केला आणि वाटी उघडली.

बाबाचं ताट यापुढे जाईनं वाढायचं आणि शेजारी बसून आपलं जेवायचं, असं ठरलं. "आमी काय तिला उपाशी मारतो काय?" म्हणून सासूबाई कुरकुरल्या, पण नातीच्या हातात पळी त्यांनीच दिली. वजन हळूहळू चढलं. प्रत्येक खेपेला बाई तिच्या आधी काट्यावर चढून वड्यांच्या नावानं बोटं मोडायच्या.

यंदा होळीनंतर डॉक्टरबाई वारल्या. त्या दिवशी मी माझं ताट बाजूला सारलं. आता सातवीत असलेल्या जाईनं एक जास्तीचं ताट घेतलं, भाकर आणि बोंबलाचं कालवण वाढलं, वर दुसरं ताट पालथं घातलं.

"पोरी, परत येणाऱ्याचं झाकतात," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"ठाव हाय, आजी."

मग माझं ताट माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "आई, तू जेव आधी. उपाशी पोटी वाट बघता येत नाय."

मी रडत रडत जेवले.